लुडोतली अनिश्चितता कमी केली, पण खेळणाऱ्यांना ती कमी वाटत नाही. प्रश्नावली चुकतेय की खेळ?

सोंगटी_नाशिकरोड

नमस्कार. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी डिजिटल खेळात खेळणाऱ्याला जाणवणारी अनिश्चितता मोजायची आहे. खेळ लुडो. अँड्रॉइडवर चालतो, युनिटी या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधला आहे. एक माणूस आणि तीन बॉट (संगणक चालवतो ते खेळाडू), आणि समोर बॉट आहेत हे आधीच सांगितलेलं असतं. पैसे कुठेच नाहीत.

आवृत्त्या दोन. 'अ' मध्ये साधा फासा, दर वेळी सहाही आकड्यांची शक्यता सारखी. 'ब' मध्ये पिशवी: १ ते ६ हे आकडे एकदाच भरायचे, परत न टाकता एकेक काढायचे, संपले की पुन्हा भरायचे. टेट्रिसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत सात तुकडे असेच येतात. हिशोबाने 'अ' मध्ये प्रत्येक दानाची अनिश्चितता २.५८ बिट आणि 'ब' मध्ये सरासरी १.५८ बिट (बिट हे अनिश्चिततेचं एकक, जास्त बिट म्हणजे अंदाज जास्त अवघड). फरक चांगला मोठा आहे.

खेळ संपला की इंग्रजीवरून मराठीत आणलेली २० वाक्यांची प्रश्नावली आणि पाच पर्याय. त्यातली चार वाक्यं:

'मला खेळात अनिश्चितता अनुभवास आली.'
'खेळाचा निकाल नशिबावर अवलंबून होता.'
'काय करावे याबद्दल मी गोंधळलो होतो.'
'पुढे काय होईल याची मला धाकधूक वाटत होती.'

पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, दोन्ही आवृत्त्यांचे सरासरी गुण जवळजवळ सारखेच आले. पुढचा बेत असा: नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरचे ६० खेळाडू, फॅक्टर अ‍ॅनालिसिस (कोणत्या वाक्यांचे गुण एकत्र हलतात ते शोधणं), आणि जमलं तर बोटांना घामाचा सेन्सर. प्रश्नावली बदलायची की खेळ? आणि जाणवलेली अनिश्चितता मोजायची तरी कशी?

कोड_आणि_कवड्या

प्रश्नावलीला हात लावण्याआधी एक बघा: पिशवी चौघांत मिळून एक आहे की प्रत्येकाची वेगळी?

एकच असेल तर तुमच्या माणसासाठी 'ब' आवृत्ती जवळजवळ 'अ' सारखीच आहे. चार जण आळीपाळीने टाकतात, म्हणजे सहा आकड्यांच्या एका पिशवीतले बहुतेकदा एक किंवा दोनच त्याच्या वाट्याला येतात. बॉटला काय पडलं हे कोणी मोजत बसत नाही. हिशोबातले १.५८ बिट बरोबर आहेत, पण ते अख्ख्या पटाचे आहेत, त्याच्या हाताचे नाहीत.

प्रत्येकाला स्वतंत्र पिशवी द्या, मग फरक लगेच दिसेल, विशेषतः पहिली सोंगटी काढताना. साध्या फाशात पहिल्या १० दानांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता १६ टक्के. चार जणांपैकी निदान एकजण असा अडकून बसण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या किंचित वर, म्हणजे जवळपास दर दुसऱ्या डावात कोणीतरी ताटकळणारच. 'हा गेम फिक्स आहे' ही तक्रार बहुतेकदा इथूनच निघते. स्वतंत्र पिशवीत पहिला सहा सहाव्या दानापर्यंत पडतोच, आणि पुढेही दोन सहांच्या मध्ये जास्तीत जास्त १० दानं जातात. मात्र सलग तीन सहा आता कधीच येणार नाहीत. तीन सहांनी पाळी बाद होण्याचा नियम ठेवला असेल तर तो 'अ' मध्ये लागू पडेल आणि 'ब' मध्ये कधीच नाही. दोन्हीकडून काढून टाका.

दुसरी गडबड यादृच्छिक आकड्यांची. युनिटीचा अंगचा रँडम सगळ्या प्रोग्रॅमला मिळून एकच असतो. फासा आणि बॉटचा निर्णय, दोन्ही त्याच रांगेतून आकडे उचलतात. त्यामुळे सीड, म्हणजे ही रांग ज्या आकड्यापासून सुरू होते तो, एकच ठेवला तरी माणसाने वेगळी सोंगटी हलवली की बॉटचे आकडे सरकतात आणि पुढची सगळी दानं बदलतात. सी-शार्प या भाषेतल्या सिस्टिम-रँडमचा एकेक स्वतंत्र नग प्रत्येक खेळाडूच्या फाशाला द्या आणि बॉटच्या डोक्याला आणखी वेगळा. खेळाडूगणिक वेगळा अशासाठी, की सहावर आणि सोंगटी मारल्यावर जादा दान मिळतं, त्यामुळे पाळ्यांचा क्रम प्रत्येक डावात निराळा होतो.

नोंदी करताना दर दानाला हे लिहून घ्या: फासा थांबल्याची वेळ, पहिल्या स्पर्शाची वेळ, बोट उचलल्याची वेळ, त्या क्षणी चालू शकणाऱ्या सोंगट्या किती, निवडलेली कोणती. घड्याळ फासा थांबल्यावरच सुरू करायचं. गरगर फिरण्याचं अ‍ॅनिमेशन मोजलंत तर निम्मा वेळ त्याचाच निघेल. टाइम-डॉट-टाइम हे मूल्य खेळ थांबवला की थांबतं, म्हणून रिअलटाइम-सिन्स-स्टार्टअप वापरा. स्वस्त फोनचा स्पर्श ६० हर्ट्झने वाचला तर १७ मिलिसेकंदांची चूक धरूनच चाला. सगळ्यांना एकाच मॉडेलचा फोन दिला तर ही चूक निदान सगळ्यांची सारखी राहील.

आता यातला उपयोगाचा भाग. अनेकदा एकच सोंगटी चालू शकते, तेव्हा ठरवायला काही नसतं. त्या दानांना लागलेला वेळ म्हणजे त्या माणसाचं बोट आणि डोळा. दोन-तीन पर्याय असतानाच्या वेळेतून हा वजा केला की हाती येतो तो निर्णयाचा वेळ. सरासरी नको, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. फोन वाजला की एखादं दान ४० सेकंदांचं होतं.

शब्द_तोलणारी

पिशवीचं वरचं उत्तर पटलं, पण प्रश्नावलीही तशीच ठेवू नका. चारही वाक्यांत अडचण आहे आणि प्रत्येकाची वेगळी.

'अनिश्चितता' हा शब्द हवामान खात्याचा आणि अर्थसंकल्पाचा आहे. लुडो खेळणारं कोणी 'मला अनिश्चितता जाणवतेय' असं म्हणत नाही. ते म्हणतात, 'काय पडेल सांगता येत नाही', 'अंदाजच लागत नाही', 'हा कुठली चालेल कळत नाही', 'आता मारतोय की काय'. वाक्यं तिथून उचला.

'नशिबावर' हे चारांतलं सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे. इंग्रजीतल्या रँडमला आपण सहज नशीब म्हणतो, पण मराठीत 'नशिबातच नव्हतं' याचा अर्थ ते आधीच ठरलेलं होतं असाही होतो. एकाने 'पूर्ण पटतं' म्हटलं ते फासा कसाही पडू शकतो म्हणून, आणि दुसऱ्याने म्हटलं ते सगळं लिहिलेलंच असतं म्हणून. गुण दोघांचे पाच, अर्थ एकमेकांच्या उलट. 'कोण जिंकेल हे फासा कसा पडतो त्यावर ठरत होतं' असं लिहा. 'लक' शब्द चालेल, तो रोजच्या बोलण्यातला आहे, पण तोही आधी विचारून पडताळा.

'गोंधळलो होतो' पुरुषाचं झालं. मुलीला दर वाक्यात मनातल्या मनात क्रियापद बदलावं लागतं, आणि तिरकी रेघ देऊन 'गोंधळलो/गोंधळले' केलं तर वाचताना अडखळतं. 'मला' ने सुरू होणारी रचना घ्या: 'कोणती सोंगटी चालावी ते मला कळत नव्हतं.' लिंगाचा प्रश्न मिटतो आणि वाक्य बोलीसारखं होतं.

'धाकधूक' शब्द सुंदर आहे, पण ती अनिश्चितता नव्हे, तिच्यातून उठणारी भावना आहे. चारही सोंगट्या घरात असलेल्याला काही धाकधूक नसते, कारण गमवायला काही नाही. पण सहा कधी पडेल हे त्यालाही माहीत नसतं. उलट जिंकायला नेमका एकाचा आकडा हवा असेल तर शक्यता त्याला चोख माहीत असते आणि तरी छाती धडधडते. भावनेची दोन-तीन वाक्यं वेगळी ठेवा, बेरजेत मिसळू नका.

आणि अनिश्चितता ही एक गोष्ट नाही. खेळ-रचनाकार ग्रेग कॉस्टिकियन यांनी २०१३ मध्ये तिचे उगम वेगवेगळे केले: स्वतःच्या हाताच्या कौशल्याची, कोडं सुटेल की नाही याची, प्रतिस्पर्ध्याच्या चालीची, निव्वळ यदृच्छेची, गुंतागुंतीच्या हिशोबाची, लपवलेल्या माहितीची, गोष्टीत पुढे काय याची, आणि आणखी काही. लुडोत यांतले तीनच खरे उरतात: फासा, बॉटची चाल आणि आपण कोणती सोंगटी चालावी. कोडं सुटण्याची वाक्यं लुडोला लावलीत तर उत्तर येईल, पण त्यात अर्थ नसेल. पिशवीने तुम्ही फक्त फासा बदलता, मग वीसपैकी पाच-सहा वाक्यंच हलतील आणि बाकीची चौदा मिळून तो फरक झाकून टाकतील. तुमच्या सारख्या सरासरीचं एक कारण हेही असू शकतं.

पाच पर्यायांतल्या मधल्याला काय नाव दिलंय? 'नक्की सांगता येत नाही' असेल तर लगेच काढा. अनिश्चिततेच्याच प्रश्नावलीत ते नाव म्हणजे उत्तराच्या आत आणखी एक उत्तर. 'अर्धं पटतं, अर्धं नाही' असं लिहा, आणि 'इथे लागू नाही' हा पर्याय बाजूला द्या. उलटी वाक्यं जपून वापरा. 'पुढे काय होईल ते मला कळत नव्हतं, असं नाही' याला 'पटत नाही' म्हणायचं की 'पटतं' हे ठरवताना चांगले वाचणारेही चुकतात. उलटं हवंच असेल तर नकार न घालता लिहा: 'पुढचं दान काय असेल याचा मला अंदाज येत होता.'

छपाईआधी आठ-दहा जणांसमोर बसा. प्रत्येक वाक्य वाचायला द्या आणि 'हे तुमच्या शब्दांत सांगा' एवढंच म्हणा. समजावून सांगायचं नाही. दोघे एकाच वाक्याला अडखळले की ते वाक्य बदला. सटाणा, कळवण, मालेगावकडची मुलं घेणार असाल तर या दहांत अहिराणी बोलणारे दोघं-तिघं असू द्या.

मापपट्टी

दोघांनी बरंच सांगितलं. मी वेळेबद्दल आणि संख्येबद्दल लिहितो.

डाव संपल्यावर विचारलेली अनिश्चितता ही निकाल कळल्यानंतरची अनिश्चितता असते. जिंकलेल्याला 'मला वाटतच होतं' असं वाटतं. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं: निकाल कळला की आपण आधी काय मानत होतो तेच माणसाला नीट आठवत नाही. शेवटची प्रश्नावली ठेवा, पण जिंकला की हरला, कितवा आला, हे विश्लेषणात घ्याच. आणि डाव चालू असतानाही विचारा.

ते असं. ठरावीक ठिकाणी, समजा त्याच्या १०व्या, २०व्या आणि ३०व्या दानानंतर, पट झाकून एकच प्रश्न: 'आत्ता जिंकण्याची शक्यता किती?' टक्केवारी विचारली तर एक सापळा आहे. खूप जण '५०' म्हणतात, आणि त्याचा अर्थ समसमान असा नसतो, तर 'काय माहीत' असा असतो. आपलं 'फिफ्टी-फिफ्टी' अगदी तेच. म्हणून टक्के न विचारता १० चिंचोके द्या आणि दोन वाट्या, एक 'मी जिंकेन', दुसरी 'दुसरं कोणीतरी'. चिंचोके वाटायला लावले की हात विचार करतो. पाच-पाच वाटले तर लगेच विचारा, 'दोन्ही सारखं वाटतंय, की सांगताच येत नाही?' आणि ते उत्तर वेगळ्या रकान्यात. तुमच्या प्रबंधासाठी हा रकाना सगळ्यात मोलाचा ठरू शकेल.

ताडून बघायला खरी शक्यता लागेल. त्या क्षणीची पटाची स्थिती जतन करा आणि तिथून पुढे १०,००० डाव संगणकाकडून खेळवा, माणसाच्या जागी बॉटचाच खेळ धरून. १०,००० ला प्रमाणत्रुटी (अंदाज साधारण किती हलतो ते) जास्तीत जास्त अर्धा टक्का येते, पुरेशी आहे. 'ब' मध्ये पिशव्यांत उरलेले आकडेही जतन करायला विसरू नका, नाहीतर सगळी गणितं 'अ' ची होतील. मग दोन आकडे समोर येतात: पटावर किती अनिश्चितता होती आणि त्याला किती वाटली. दोघांतलं अंतर हाच तुमचा विषय. अंदाज निकालाशी ताडायचा असेल तर ब्रायर गुण, म्हणजे अंदाज आणि निकाल यांतल्या अंतराचा वर्ग, काढा: ८ चिंचोके स्वतःवर लावले आणि हरला तर ०.८ चा वर्ग, ०.६४; ५ लावले असते तर ०.२५. गुण जितका कमी तितका अंदाज बरा.

आता ६० माणसं. २० वाक्यांच्या फॅक्टर अ‍ॅनालिसिसला ६० अपुरे आहेत. निदान २०० हवेत, ३०० असतील तर निश्चिंत. ६० वर केलंत तर घटक निघतील, पण दुसऱ्या ६० जणांत ते दिसणार नाहीत. तो भाग सोडा. त्याऐवजी प्रत्येकाला दोन्ही आवृत्त्या खेळायला द्या आणि त्याची तुलना त्याच्याशीच करा. मध्यम परिणाम (०.५, म्हणजे फरक प्रमाण विचलनाच्या निम्मा) पकडायला अशा जोडीच्या तुलनेत ८० टक्के ताकदीसाठी, म्हणजे खरा फरक दिसण्याची ८० टक्के शक्यता राहावी म्हणून, ३४ जण पुरतात. वेगवेगळे गट केलेत तर प्रत्येक गटात ६४ लागतात.

३४ ऐवजी ३६ घ्या, कारण चार उपगट हवेत. अर्धे आधी 'अ', अर्धे आधी 'ब'. आणि त्यातही सीडचे दोन संच अदलाबदल करून. नऊ-नऊ जणांचे चार गट. सीड अदलाबदल केले नाहीत तर 'ब' चा परिणाम म्हणून तुम्ही जे दाखवाल ते त्या एका संचातल्या चांगल्या दानांचंही असू शकतं.

सोंगटी_नाशिकरोड

मनापासून आभार. कोड उघडून पाहिला, पिशवी चौघांत एकच होती. मधल्या पर्यायाचं नावही नेमकं 'नक्की सांगता येत नाही' हेच होतं. दोन्ही बदलते.

आणखी तीन प्रश्न. उरलेल्या २४ जणांना 'उघडी पिशवी' अशी तिसरी आवृत्ती देता येईल का, म्हणजे कोणते आकडे शिल्लक आहेत ते पडद्यावर दिसतील? निर्णयाचा वेळ हेच अनिश्चिततेचं माप धरलं तर चालेल का? आणि घामाचा सेन्सर घ्यावा का?

मापपट्टी

उघडी पिशवी जरूर घ्या. झाकलेल्या आणि उघड्या पिशवीत फाशाची बिट्स सारखीच आहेत, फरक फक्त खेळणाऱ्याला काय माहीत आहे याचा. जाणवणारी अनिश्चितता पटावर असते की डोक्यात, हे यातून सगळ्यात स्वच्छ दिसेल. मात्र आधीच्या ३६ जणांना ती मध्ये घालू नका. एकदा पिशवी पाहिली की पुढच्या डावात झाकलेली पिशवीही त्यांच्यासाठी झाकलेली राहत नाही, आणि क्रम उलटसुलट करून ही चूक भरून निघत नाही. वेगळ्या २४ जणांना फक्त उघडी पिशवी द्या. ३६ विरुद्ध २४ मध्ये ०.७५ च्या आसपासचा किंवा त्याहून मोठा फरकच भरवशाने पकडता येईल. हे प्रबंधात आधीच लिहून टाका, नंतर स्पष्टीकरण देत बसावं लागत नाही.

कोड_आणि_कवड्या

निर्णयाच्या वेळेबद्दल वर मीच लिहिलं, पण ती एकटी पुरणार नाही. पर्याय वाढले की वेळ वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्येच मांडलं. म्हणजे तीन सोंगट्या चालू शकत असताना लागलेला जादा वेळ गोंधळाचा नसून नुसत्या पर्यायांच्या संख्येचाही असतो. पर्याय सारखे असलेलीच दानं एकमेकांशी ताडा. शिवाय पक्का गोंधळलेला माणूस कधी विचारच सोडून देतो आणि हाताला येईल ती सोंगटी ढकलतो. तिथे वेळ कमी दिसतो आणि अनिश्चितता सर्वांत जास्त असते. चिंचोक्यांशी जोडून वाचाल तरच वेळेला अर्थ येईल.

शब्द_तोलणारी

सेन्सर माझ्या मते नको. घामाचा प्रतिसाद घटनेनंतर एक ते तीन सेकंदांनी उठतो आणि ओसरायला आणखी काही सेकंद घेतो. लुडोत बॉटची दानं भराभर पडतात, त्यामुळे एक लाट संपायच्या आत दुसरी येते आणि कोणती कशाची हे सांगता येत नाही. बोटांना पट्ट्या बांधल्या तर फोन नीट धरता येत नाही. तळपायाला लावता येतात, पण मग पाय हलवायचा नाही. एप्रिल-मेच्या नाशिकच्या उकाड्यात पंख्याखालच्या खोलीत मूळ पातळीच चढलेली असते. आणि एवढं करून मिळते ती उत्तेजना, म्हणजे पुन्हा धाकधूकच. घ्यायचाच असेल तर वातानुकूलित खोली, खेळाआधी दहा मिनिटं शांत बसवणं आणि दोन दानांमध्ये निदान आठ-दहा सेकंद, एवढं लागेल. इतका संथ लुडो कोणी मन लावून खेळणार नाही.

त्यापेक्षा तो वेळ माणसं मिळवण्यात घाला. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर एकाच वयाची, एकाच तऱ्हेची मुलं भेटतील. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून पाळी सुटल्यावर फोनवर लुडो खेळणारे, देवळाली कॅम्प, नाशिकरोड, इथले निम्मे तरी असू द्या. निफाड-दिंडोरीकडची तरुण मंडळी हवी असतील तर जानेवारी ते मार्च टाळा, द्राक्षांची काढणी चालू असते. अकरावी-बारावीची मुलं अठराच्या आतली, त्यांच्या पालकांची लेखी संमती घ्यावी लागेल. शक्य असेल तर अठरा पूर्ण झालेलेच घ्या.

आणि एक राहिलं. घरोघरी लुडोचे नियम वेगळे असतात. कुणाकडे एकावरही सोंगटी निघते, कुणाकडे सोंगटी मारल्याशिवाय घरात जाता येत नाही. नियम पडद्यावर दाखवा आणि गुण न मोजता एक सरावाचा डाव आधी खेळवा. नाहीतर पहिल्या डावातला गोंधळ फाशाचा नसेल, नियमांचा असेल, आणि तुमच्या आकड्यांत दोन्ही सारखेच दिसतील.